डांबरात बसवलेली काच

माझ्या नवऱ्याच्या हातून काच फुटत नाही. घरातले पेले फुटतात ते माझ्या हातून. तो चेहऱ्यावरची रेषही न हलवता तुकडे गोळा करतो आणि म्हणतो, "काचेचा दोष नाही." म्हणजे दोष कोणाचा, ते वेगळं सांगायला नको.

तो काचवाला आहे. खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा, कारखान्यांच्या छपरांत उजेडासाठी बसवलेली तावदानं, सगळं करतो. काच घट्ट धरायची नाही, हे त्याच्या धंद्याचं सार. लाकूड फुगतं, लोखंड उन्हात वाढतं, भिंत खचते, आणि हे सगळं काचेच्या अंगावर आलं की ती तडकते. काचेला वाकता येतं ते केसभर. त्यापुढे ती कुरकुरत नाही, सरळ तुटते. म्हणून चौकट आणि काच यांच्यामध्ये काहीतरी मऊ भरायचं. खिडकीला पुट्टी, छपराला डांबर. हलायचं ते त्या मधल्याने हलावं, काचेपर्यंत काही पोचू नये. हे त्याच्या हातांत इतकं मुरलंय की त्यासाठी त्याला डोकं चालवावं लागत नाही.

जुन्या इमारतींची तावदानं खाली जाड असतात, म्हणजे काच हळूहळू ओघळते, असं कोणी शहाणा म्हणाला की ह्याचं डोकं फिरतं. "काच ओघळत नाही. तेव्हा सारख्या जाडीची बनवता यायची नाही, आणि बसवणारा जाड बाजू खाली ठेवायचा. बस." काचेबद्दल कोणी वेडंवाकडं बोललेलं त्याला खपत नाही. माझ्याबद्दल बोललं तर तो इतका चिडत नाही, हेही सांगून ठेवते.

माझी आई वस्तीच्या टोकाला, बंद पडलेल्या खाणीच्या मलब्याच्या पायथ्याशी राहायची. बाबा खाणीचे पहारेकरी, आणि घर पहारेकऱ्याचं. दोन खोल्या, मागे हातभर बोळ, बोळाच्या पलीकडे मलब्याचा ढीग. ढीग म्हणते खरी, पण टेकडीच होती ती. वर गवत, झुडपं, एकदोन शेळ्याही दिसायच्या. खाण बंद झाली, बाबा गेले, राखायला काही उरलं नाही. आई मात्र राहिली. मागच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन मांडून ती शाळेची दप्तरं शिवायची.

त्या खोलीची मागची भिंत हळूहळू पोटाशी फुगली आणि तिला वरपासून खालपर्यंत तडा गेला. तेव्हा खाणीच्या ऑफिसातून एक साहेब आला. त्याच्या हातात कायम मोजायची टेप असायची, म्हणून आईने पहिल्याच दिवशी त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं. माणूस वाईट नव्हता. त्याने आईला नीट समजावलं.

"आजी, हा ढीग बसलेला नाही, चालतोय. दगड, माती, चुरा, सगळं कसंही पडलंय आणि एकमेकांत अडकून उभं आहे, म्हणून तो तुम्हाला डोंगर वाटतो. आत एखादा दगड जरा सरकतो, मग त्याचा शेजारी. कुठला कधी सरकेल, सांगता येत नाही. त्यात आत पाणी मुरलंय. एक दिवस अडकलेलं सुटलं की सगळं वाहायला लागेल."

"माझे गुडघेही तसेच आहेत," आई म्हणाली. "मी अजून वाहिले नाही."

मोजपट्टीने तड्यावर काचेची पट्टी लावली. बोटभर रुंद काच, तड्यावरून आडवी, दोन्ही टोकं दोन काठांना सिमेंटने पक्की. तडा जरा जरी रुंदावला तरी काच ओढली जाते आणि तुटते. पट्टी तुटली की घर त्याच दिवशी सोडायचं, असा ऑफिसचा नियम. पट्टीला हात लावला तर गुन्हा, असंही त्याने बजावलं.

मी आईला आमच्याकडे चल म्हणून विनवून हात टेकले होते. तिचं उत्तर ठरलेलं. "माझ्या घरात मी ताट आपटलं तरी कोणाला कारण सांगावं लागत नाही." पण नियम म्हटला की ती वेगळी बाई व्हायची, शेवटी पहारेकऱ्याची बायको. ती मला म्हणाली, "काच फुटली तर सामान बांधायलाही थांबणार नाही, नेसत्या लुगड्यानिशी येईन. पण ती फुटेपर्यंत मला छळायचं नाही." मी कबूल केलं. आमच्या दोघींमध्ये एवढा एकच सौदा झाला आणि तो त्या काचेवर टांगलेला होता.

पट्टी पहिल्यांदा फुटली ती दार आपटल्यामुळे. नियम म्हणजे नियम, आई त्याच दिवशी आमच्याकडे आली. आठवडाभर ती स्टेशनवर गाडीची वाट बघत बसल्यासारखी पिशवी मांडीवर घेऊन बसली. चहात साखर जास्त पडते, पंखा फार फिरतो, शेजारचं पोर शिकवणीला जातं की गायला, सगळं बोलून झालं. मग मोजपट्टीने मोजून सांगितलं की तडा तेवढाच आहे. आई तडक परत गेली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, तुम्ही एवढे काचेतले, ती पट्टी तुम्हीच बसवा. दार आपटलं म्हणून घराबाहेर काढतात म्हणजे काय?"

ऑफिसनेही त्यालाच काम दिलं. तिथल्या ओल्या भिंतीला सिमेंट धरत नव्हतं, सारखे पोपडे सुटायचे. त्याने डब्यात डांबर तापवलं, दोन्ही काठांवर जाड थापलं, त्यात काच बसवली. डांबर गार झालं, दगडासारखं झालं. आईने दार जोरात आपटून बघितलं. पुन्हा आपटलं. पट्टीला काही झालं नाही. "ह्याला म्हणतात काम," ती मला म्हणाली, म्हणजे बाकीच्यांना काय येतं, असं. त्यानंतर ती रोज सकाळी मशीन पुसायची त्याच फडक्याने ती पट्टीही पुसायची. पट्टी लखलखायची.

बरेच महिने चांगले गेले. मीही निवांत झोपायचे.

एका सुट्टीच्या दिवशी मी आईकडची फळी आवरायला गेले होते. मशीनवर ठेवलेलं दोऱ्याचं रीळ आपोआप घरंगळत जाऊन खाली पडलं. मी उचलून ठेवलं, ते पुन्हा गेलं. कपाटाचं दार लावावं तर आपलं आपण उघडत होतं. मी भिंतीकडे बघितलं. पूर्वी त्या तड्यात माझं नख जेमतेम जायचं. आता मी केसांतला कंगवा काढून घातला तर त्याची कड सहज आत गेली. आणि वर काच अखंड.

मी स्टुलावर चढले. उजव्या काठावरचं डांबर होतं तसं होतं. डाव्या काठावरचं ताणून लांब आणि पातळ झालेलं, खाली ओघळलेलं, आणि काचेचं टोक त्यातून सरकत सरकत पार कडेला आलेलं. मी त्यावर चमच्याने टकटक केलं. टक्कन एक कपचा उडाला. असलं कडक डांबर, आणि ते चालत गेलं होतं. भिंत उघडत होती तेवढं तेही सरकत होतं, काचेला कळूही न देता.

मी तशीच नवऱ्याच्या दुकानात गेले आणि बघितलेलं सगळं सांगितलं. मागच्या फळीवर डांबराचा ठोकळा पडलेला होता, कधीपासूनचा कोण जाणे. ठोकळा म्हणायचा, पण त्याची एक बाजू फळीवरून खाली लोंबत होती. त्याने हातोडी घेऊन त्या लोंबत्या भागावर मारली. तुकडे उडाले, धारदार, काचेसारखे.

"मारलं तर फुटतं, नुसतं ठेवलं तर सरकतं," तो म्हणाला. "हे मला माहीत आहे. छपरावर म्हणूनच वापरतो ना."

"माहीत होतं तर आईच्या भिंतीवर कशाला लावलंस?"

"काच वाचावी म्हणून."

बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. खाली बसला. आयुष्यभर ज्याने काच वाचवली, त्याच्या हातात फुटण्यासाठीच असलेली काच दिली, आणि त्याच्या हातांनी तिलाही वाचवलं. मला त्याची दया यायला हवी होती. मला नुसता राग आला, इतका की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आम्ही दोघं आईकडे गेलो. त्याने खालमानेने सगळं सांगितलं. आईने बोटाच्या पेराने डांबर वाजवून बघितलं.

"हे ओघळतं?"

"हळूहळू ओघळतं, आई," तो म्हणाला.

"दात आपटून बघा म्हणजे कळेल किती ओघळतं ते." मग माझ्याकडे वळून, "ही तुझी शिकवण. मला इथून हलवायला काही सुचेना, तर आता त्या गरिबाला पुढे केलंस. काच शाबूत आहे. ठरलं काय होतं आपलं?"

सौदा तिने मोडला नव्हता.

नवरा दुसऱ्या दिवशी मोजपट्टीकडे गेला आणि सरळ म्हणाला, माझं चुकलंय, पट्टी बदलायची आहे. मोजपट्टीने टेप आत-बाहेर करत ऐकून घेतलं. "अखंड पट्टी बदलायला वरून परवानगी लागते. घर रिकामं करायचा हुकूम निघतो तो फुटलेल्या पट्टीवर. आणि चुकीचा माल वापरला असं तुम्हीच म्हणताय, तर ऑफिसचं काम तुमच्या हातून जाईल. विचार करा." नवरा म्हणाला, काम गेलं तर जाऊ दे. मोजपट्टी म्हणाला, बघतो. ह्या "बघतो"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

तेव्हा ह्या माणसाने, ज्याच्या हातून कधी काच फुटली नाही, एक हातोडी पिशवीत घातली आणि आई दोरा आणायला बाजारात गेलेली बघून आमच्याकडच्या किल्लीने घर उघडलं. पट्टी फोडली. मला सांगितलंही नव्हतं. आई दोरा न घेताच परतली, दुकान बंद होतं. समोर जावई, हातात हातोडी, बाहीवर काचेचा चुरा.

आई मला नंतर सांगत होती तेव्हाही हसू तिला आवरत नव्हतं. "मला म्हणतात, आई, काच फुटली, चला. अगं, एवढा चोरासारखा चेहरा तुझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात पकडला नसेल." तिने त्याला चहा पाजला, बाही झटकून दिली. मोजपट्टी आला तेव्हा स्टूल सरकवताना आपलाच धक्का लागला, असं तिने ठोकून दिलं. पट्टीला हात लावला तर गुन्हा, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. जावयाचं काम जाईल, हेही. आणि फुटली कशी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यामुळे ती अर्थातच हलली नाही.

पण एक गोष्ट चांगली झाली, धक्क्याने फुटली म्हणून हुकूम निघाला नाही तरी नवीन पट्टी लावायला मिळाली. ह्या वेळी नवऱ्याने डांबराला हात लावला नाही. दोन्ही काठांचा गिलावा दगडापर्यंत खरवडला, शेगडी पेटवून भिंत सुकवली, सिमेंट भरलं, वरून ओलं फडकं घालून ते मुरू दिलं. काच निवडली तीही पातळातली पातळ. इतकं मन लावून काम करताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. काच फुटेल अशी बसवायला तो पहिल्यांदाच शिकत होता.

"आता ही खोटं बोलणार नाही, आई," तो म्हणाला.

"मग खरी फुटली की येईन. शब्द आहे माझा."

तिने शब्द दिला आणि मी त्यावर विसंबले. दुसरं करणार काय होते? बाईला उचलून पोत्यात घालून आणता येत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. आवाज हसरा, लाडात आलेला.

"तुझ्या नवऱ्याला सांग, आता पुरे म्हणावं."

"काय झालं?"

"काल मी दप्तरं पोचवायला गेले होते. येऊन बघते तर पट्टीचे दोन तुकडे. पुन्हा आले असणार किल्ली घेऊन. ह्या वेळी चहालासुद्धा थांबले नाहीत, लाजले असतील. आणि नेमका तो मोजपट्टी संध्याकाळी दारात हजर. मी सांगून टाकलं, पडदा काढताना काठी लागली, माझ्याच हातून फुटली. जावयावर येऊ दिलं नाही मी काही. तो म्हणाला, आजी, जरा जपून, नवीन पट्टी पाठवतो. तुकडे मी कागदात बांधून टाकले, कोणाच्या पायात नको जायला."

मी फोन कानाशी धरूनच आतल्या खोलीत गेले. नवरा बुटाच्या नाड्या बांधत होता.

"काल आईकडे गेला होतास?"

"काल? काल दिवसभर कारखान्याच्या छपरावर होतो की. का गं?"

"काही नाही," मी म्हणाले आणि बाहेर आले. तेव्हा मी त्याला का सांगितलं नाही, माहीत नाही. बोलण्यात एक क्षणही घालवायचा नव्हता, एवढंच आठवतं.

"आई, तो आला नव्हता. ती आपली आपण फुटलीये. आत्ता बाहेर पड."

"पुन्हा सुरू झालीस?"

"आई, तुझी शपथ."

"माझी शपथ कशाला घालतेस, मी काय फुकट मिळालेय? मशीनवर काम आहे माझ्या. तू ये, चहा घे, मग भांडू." तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना. मशीन चालू असलं की तिला घंटी ऐकू येत नसे.

मी घरातल्या चपलांनीच निघाले. रिक्षा मिळाली. वाटेत मी मोजपट्टीला फोन केला, तो म्हणाला, त्यांनी स्वतः सांगितलं की काठी लागली. मी म्हटलं, खोटं सांगितलं. तो म्हणाला, "कशासाठी?" उत्तर माझ्याकडे होतं, पण ते ऐकून तो आणखी काय करणार होता? मी म्हटलं, गाडी पाठवा. तो म्हणाला, पाठवतो. ह्या वेळी त्याने खरंच पाठवली.

मी वळणावर पोचले तेव्हा गवत सरकत होतं. झुडपं उभीच्या उभी खाली येत होती, जागेवरून न हलता, म्हणजे त्यांच्या पायाखालची जागाच येत होती. कडकडाट वगैरे काही नाही. जे माझ्या जन्मापासून डोंगर म्हणून उभं होतं ते दाट पिठासारखं खाली आलं, बोळ भरला, भिंत आत गेली, पुढच्या दारातून ते बाहेर आलं, रस्त्याच्या कडेपर्यंत पसरलं आणि थांबलं. थांबल्यावर ते पुन्हा घट्ट झालं. मी धावत जाऊन त्यावर चढले तर पाय रुतलेसुद्धा नाहीत. हातांनी उकरायला गेले तर नखं तुटली. माणसं पहारी घेऊन आली, त्यांनाही खणावं लागलं. आई संध्याकाळी सापडली, मशीनपाशी.

मोजपट्टी तेराव्या दिवसानंतर घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला. टेप आणली नव्हती, हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. नवरा पाणी आणायला आत गेला तेव्हा मोजपट्टीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तो समजला. पट्टी आधीच फुटली होती हे त्यालाही बोलून दाखवायचं नव्हतंच, त्याची कारणं वेगळी असतील. पाणी पिऊन तो गेला आणि पुन्हा आला नाही.

नवरा काम करतो. खिडक्या बसवतो. पण घरी आला की मागच्या अंगणात दोन विटा मांडतो, त्यांच्यावर सिमेंटने पातळ काच चिकटवतो, सुकली की विटांमध्ये पाचर घालून हळूहळू ठोकतो. काच तुटते. दर वेळी तुटते. पाचर कागदाइतकी सरकली तरी तुटते. तो तुकडे गोळा करतो, दुसरी काच घेतो. अंगणाच्या कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग झालाय. मला तो ढीग बघवत नाही, आणि त्याला टाकून दे असंही म्हणवत नाही.

मी सांगू शकते. एका वाक्याचं काम आहे. पट्टी फुटली होती, तुझं काम चोख होतं. मग तो विचारेल, फुटली होती तर आई का नाही आल्या? आणि त्याचं उत्तर म्हणजे तीच ती दुपार, हातोडी, आणि आईने त्याची बाही झटकून दिलेली. डांबराचं ओझं तो कसाबसा वाहतोय. हे तो वाहू शकणार नाही. मला तो जिवंत हवा आहे. आता माझं असं माणूस तेवढंच उरलंय.

काल ताट वाढून मी त्याला हाक मारायला गेले. तो विटांसमोर उकिडवा बसला होता.

"डांबराचं कळतं मला," तो म्हणाला. "पण दुसरी सिमेंटची होती. मी स्वतः भिंत सुकवली होती. ती का नाही फुटली?"

"कोण जाणे," मी म्हणाले. "चल, जेवून घे."